दोन मिलिमीटरचा पेच

मुंबईत गिरगावातल्या ठाकुरद्वारकडच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू मागितला की पहिला प्रश्न येतो, "किती सुताचा?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला जरासा कमी. सुतार, प्लंबर, लोहार सगळे याच मापात बोलतात आणि त्यांचे कधी अडत नाही. अडते ते फणसवाडीतल्या चाळीतून आलेल्या एखाद्या मुलीचे. आजोबांच्या संगणकात बसवायला तिने नवी एसएसडी आणलेली असते आणि ती पट्टी बोर्डावर धरून ठेवणारा एकुलता एक स्क्रू कधीच हरवलेला असतो. तिला हवा असलेला स्क्रू एका सुताहूनही बारीक आहे. त्याची जाडी दोन मिलिमीटर आणि लांबी तीन.

हार्डवेअरवाला मान हलवतो. चष्म्याच्या दुकानात याहूनही नाजूक स्क्रू मिळतात, पण ते भोकात नुसते सैल फिरतात. शेवटी ऑपेरा हाऊसवरून चालत ती लॅमिंग्टन रोडला पोहोचते. तिथे गल्ल्यावर खणाखणांचा प्लास्टिकचा डबा असतो. दुकानदार डबा उघडण्याआधी विचारतो, "कशात बसवायचाय, ताई?"

"एसएसडी आहे, काका. बोर्डावर."

"बोर्ड कुठला? डेस्कटॉप का लॅपटॉप?"

त्याने स्क्रू कसला हवा हे विचारलेच नाही. स्क्रू कुठे जाणार, एवढेच विचारले. या साध्या प्रश्नात भारतीय दर्शनांतला एक जुना वाद दडलेला आहे. योग्यता कुठे राहते? ती एखाद्या वस्तूच्या अंगी असते, की दोन वस्तूंच्या मध्ये?

आधी वस्तू नीट पाहू. हल्लीची एसएसडी म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी हिरवी किंवा काळी पट्टी. तिचे एक टोक बोर्डावरच्या खाचेत तिरके सरकवायचे. बोट काढले की दुसरे टोक उचललेले राहते, झाकण न लागलेल्या पेटीसारखे. त्या टोकाला पूर्ण भोक नसतेच. अर्धवर्तुळाकार खाच असते, कडेला धातूचा चकाकता काठ. पट्टी खाली दाबायची, ती अर्धी खाच बोर्डावरच्या छोट्या पितळी खुंटीवर येते आणि स्क्रूचे पसरट डोके तिला वरून धरते. फोटो, हिशेब, पत्रे, कुणाचा प्रबंध, कुणाच्या गाण्याच्या मैफली असे सगळे त्या पट्टीवरच्या चिपांमध्ये विजेच्या भाराच्या रूपाने साठते. स्क्रूला त्यातले काहीच ठाऊक नसते. पण तो नसला तर पट्टी उचललेलीच राहते आणि खाचेतला संपर्क धड राहील याची खात्री उरत नाही. काही जण चिकटपट्टी लावून वेळ मारून नेतात. संगणक तापतो, निवतो, पुन्हा तापतो. चिकटपट्टीचा गोंद त्यापुढे किती काळ टिकणार?

हरवलेल्या स्क्रूच्या जागी दुसरा कुठलाही चालत नाही याचे कारण आट्यांत आहे. दोन मिलिमीटरच्या स्क्रूचे आटे ०.४ मिलिमीटर अंतरावर असतात. अडीच इंची चपट्या एसएसडीला तीन मिलिमीटरचा स्क्रू लागतो आणि त्याच्या आट्यांतले अंतर अर्धा मिलिमीटर असते. जुन्या साडेतीन इंची हार्ड डिस्कची तऱ्हा आणखी वेगळी. तिचा स्क्रू अजूनही इंचातला, नाव 'सहा-बत्तीस': जाडीचा क्रमांक सहा आणि एका इंचात बत्तीस आटे. त्याची जाडी साडेतीन मिलिमीटर भरते. नुसत्या डोळ्यांना तो तीन मिलिमीटरवाल्याचा भाऊच वाटतो. जोर लावून तो त्या भोकात घातला की भोकातले आटे खरवडले जातात. मग तिथे बरोबर मापाचा स्क्रूही बसत नाही. स्क्रू दहा-वीस रुपयांत नवा मिळतो, भोक मिळत नाही. खूप लांब स्क्रूचेही तसेच: डोके वर राहते आणि टोक आत नको तिथे टेकते.

सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी तर्कसंग्रह नावाचे छोटे पुस्तक लिहिले. न्याय-वैशेषिक दर्शने शिकणाऱ्या मुलाचे हे पहिले पुस्तक. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादलेली आणि महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेची त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाली आणि त्यानंतर कॉलेजांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर वाढल्या. त्यात वाक्याचा अर्थ कसा कळतो याची तीन कारणे सांगितली आहेत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. गाय, घोडा, माणूस, हत्ती असे शब्द नुसते ओळीने म्हटले तर वाक्य होत नाही, कारण एका शब्दाला दुसऱ्याची ओढ नाही. ती ओढ म्हणजे आकांक्षा. एक शब्द आत्ता आणि दुसरा प्रहराने उच्चारला तर जवळीक नाही, म्हणजे संनिधी नाही. आणि कुणी विस्तवाने झाडाला शिंपतो म्हटले तर ओढही आहे, जवळीकही आहे, पण अर्थ जुळत नाही. शिंपण्याचे काम विस्तवाकडून होणारे नाही. तिथे योग्यता नाही.

अन्नंभट्टांनी योग्यतेची केलेली व्याख्या बारकाईने पाहण्यासारखी आहे. अर्थाला बाध न येणे, एवढीच ती आहे. विस्तव अयोग्य आहे असे ते म्हणत नाहीत. भाकरी भाजायला, थंडीत शेकायला, होमात आहुती द्यायला विस्तवासारखा योग्य कोण? विस्तव आणि शिंपणे या दोघांच्या मध्ये मात्र योग्यता नाही. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने "कशात बसवायचाय" असे विचारले तेव्हा तो हेच विचारत होता. त्याच्या डब्यात चांगला स्क्रू आणि वाईट स्क्रू असे दोन खण नसतात.

वैशेषिकांनी या मधल्या जागेचा फार खोल विचार केला. दोन स्वतंत्र वस्तू एकत्र येतात त्याला ते संयोग म्हणतात आणि संयोग हा गुण मानतात. लाल रंग एका फुलात राहतो. संयोग मात्र एकाच वेळी दोघांत राहतो, एकट्यात राहूच शकत नाही. त्यांच्यातल्या प्रशस्तपादांनी संयोगाचे प्रकार सांगताना दिलेले दाखले मोठे जिवंत आहेत. ससाणा येऊन खांबावर बसतो, तेव्हा हालचाल एकाचीच असते. दोन मल्ल एकमेकांना भिडतात, तेव्हा दोघांचीही असते. आपल्या मराठीने मल्लांच्या डावाला आणि स्क्रूला एकच शब्द दिला, पेच. मूळ फारसी शब्दाचा अर्थ पीळ. आखाड्यात दोन शरीरांचा पीळ, आभाळात दोन पतंगांच्या मांज्यांचा पीळ, आणि मनाला पीळ पडला की माणूस पेचात. स्क्रूला आपला आणखी एक शब्द आहे, मळसूत्र. प्रत्येक शब्दात वळणे आहे आणि वळणे नेहमी कशाभोवती तरी असते.

मग हे जुळणे ठरवतो कोण?

शब्दाचा अर्थाशी असलेला संबंध नित्य आहे, तो कुणी बसवलेला नाही, असे मीमांसक म्हणतात. नैयायिक म्हणतात, हा संकेत आहे. या शब्दाने हा अर्थ समजावा अशी इच्छा त्याच्या मुळाशी आहे. जुन्यांच्या मते ती इच्छा ईश्वराची, पुढच्या काही जणांच्या मते माणसाचीही चालते. स्क्रूच्या बाबतीत या वादाचा निकाल लागलेला आहे आणि तो कसा लागला हे पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा होता. जोसेफ व्हिटवर्थने कारखान्या-कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, मोजले, त्यांचा मध्य काढला आणि १८४१ साली सर्वांसाठी एक माप सुचवले, आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंश पुढे केला, कारण तो कोन कारागिराला घडवायला आणि तपासायला सोपा होता. दोन्ही देश आपापल्या संकेतावर ठाम राहिले. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढताना एकाचे नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेनात. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एक समान आटा मान्य केला. आजच्या मेट्रिक स्क्रूचा कोनही ६० अंशच आहे.

संकेत जुळला नाही तर काय होते याचे एक भयंकर उदाहरण फेब्रुवारी १९०४ मधले आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, पण त्यांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. पाणी होते, माणसे होती, दानत होती. दीड हजारांहून जास्त इमारती जळाल्या.

म्हणजे आटा आकाशातून पडला नाही आणि एका राजाच्या हुकमानेही आला नाही. लोक काय वापरतात ते मोजून, भांडून, युद्धात ठेच खाऊन तो ठरला. लॅमिंग्टन रोडचेही तेच: रस्त्याचे सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाले, तरी गव्हर्नर लॅमिंग्टनचे नाव अजून लोकांच्या जिभेवर आहे. संकेत असा हट्टी असतो. सहा-बत्तीस स्क्रूही तसाच, बहुतेक जग मिलिमीटरवर आले तरी हार्ड डिस्कमध्ये मुक्काम ठोकून राहिलेला. पण हट्टी असला तरी संकेत माणसांनी केलेला असतो, म्हणून माणसांना तो बदलता येतो. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढचा भाग अवघड आहे.

गिरगावाला जुळण्या-न जुळण्याचा हा व्यवहार परका नव्हता. जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेला निर्णयसागर छापखाना इथून हाकेच्या अंतरावर, काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत. छपाईच्या अक्षराला मराठीत खिळा म्हणतात आणि खिळे लावणाऱ्याला जुळारी. देवनागरीत जोडाक्षरे, मात्रा, रफार, वेलांट्या यांमुळे रोमनपेक्षा कितीतरी जास्त खिळे लागतात. एक खिळा केसभर उंच असला तर कागदाला भोक पडते, बुटका असला तर अक्षर उमटत नाही. निर्णयसागरच्या खिळ्यांची सुबकता देशभर नावाजली गेली आणि त्या खिळ्यांतून जे ग्रंथ छापले गेले त्यात ब्रह्मसूत्रांवरचे शांकरभाष्यही होते.

त्या भाष्याच्या दुसऱ्या अध्यायात शंकराचार्यांनी वैशेषिकांना एक प्रश्न विचारला आहे. वैशेषिक म्हणतात, धागे आणि वस्त्र, फूल आणि रंग अशा कधीच वेगळ्या न होणाऱ्या जोड्या समवाय नावाच्या संबंधाने जोडलेल्या असतात. आचार्य विचारतात, हा समवाय जर त्या दोघांहून निराळा असेल, तर त्याला त्या दोघांशी कोण जोडते? दुसरा समवाय? मग त्या दुसऱ्याला? अशी साखळी कुठेच थांबत नाही. याला अनवस्था म्हणतात. नैयायिकांचे उत्तर असे की समवाय आपल्या स्वरूपानेच जोडलेला असतो, त्याला आणखी दुवा लागत नाही.

स्क्रू समवायाच्या कोटीतला नाही. तो काढता येतो, म्हणून तो संयोगाच्या बाजूचा. तरी जोडणाऱ्याला कोण जोडते, हा प्रश्न त्याला विचारता येतो आणि त्याच्याकडे उत्तर आहे. पट्टीला बोर्डाशी स्क्रू जोडतो. स्क्रूला बोर्डाशी गोंद जोडत नाही की दुसरा स्क्रू जोडत नाही. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार, डोंगराला वळसे घालत चढणाऱ्या घाटासारखा. दोन मिलिमीटरच्या स्क्रूत हा उतार जेमतेम चार अंशांचा असतो. एवढ्या मंद उतारावरून धातूवरचा धातू आपण होऊन घसरत नाही, घर्षण त्याला धरून ठेवते. स्क्रूच्या अंगावरचा घाट आणि भोकाच्या आतला घाट एकमेकांत बसले की साखळी तिथे थांबते. या एका मुद्द्यावर नैयायिकांचे म्हणणे, निदान दोन मिलिमीटरपुरते, हाताला लागते.

आणि आता तो अवघड भाग. ज्या भाष्यात इतका धारदार प्रश्न आहे, त्याच भाष्याच्या पहिल्या अध्यायात वेद ऐकण्याचा, शिकण्याचा अधिकार शूद्राला नाही, असे प्रतिपादन आहे. तिथे योग्यता दोघांच्या मध्ये शोधलेली नाही. कुणी विद्येशी जुळतो का, हे पाहिलेच गेले नाही. जन्माकडे बघून उत्तर दिले गेले. भोकाजवळ नेण्याआधीच स्क्रू नालायक ठरवला.

इथे कुणी म्हणेल, स्क्रूचा दाखला उलट वर्णव्यवस्थेच्याच बाजूने आहे. ज्याचे भोक त्याला, ज्याचे काम त्याला, प्रत्येकाने आपल्या जागी राहावे. असे युक्तिवाद स्वधर्माच्या नावाने शतकानुशतके झाले आहेत, म्हणून आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. त्याला उत्तर आहे. स्क्रूला कारखान्यात एका भोकासाठी घडवलेले असते, त्याचे प्रयोजन त्याच्याबाहेर आहे. माणूस कुणाच्या भोकासाठी घडवलेला नाही. स्क्रूकडून शिकायची गोष्ट त्याची जागा ही नाहीच. योग्यता तपासण्याची त्याची रीत ही आहे. ती रीत अशी की जुळते का ते लावून बघावे लागते. अंधारात, नुसत्या नावावरून कळत नाही. आणि जिथे जुळत नाही तिथे कधी कधी दोष भोकाचा असतो, मापाचा असतो, संकेताचा असतो. बाल्टिमोरच्या आगीत नळ्या कमअस्सल नव्हत्या.

गिरगावातला एक नाका आजही प्रार्थना समाज या नावाने ओळखला जातो. १८६७ साली स्थापन झालेल्या या समाजाचे प्रचारक म्हणून विठ्ठल रामजी शिंदे १९०३ पासून काम करत होते. ऑक्सफर्डला धर्मांचा तौलनिक अभ्यास करून ते परतले होते. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली, नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले आणि परळला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा उघडली. ही मुले शिकायला योग्य आहेत का, असा वाद शिंदे सभेत घालत बसले नाहीत. त्यांनी मूल आणि पाटी एकमेकांजवळ आणली. तर्कसंग्रहाच्या भाषेत सांगायचे तर आकांक्षा होतीच, ती मुलांच्या डोळ्यांत होती. योग्यतेला बाध आणणारे काही नव्हते. अडले होते संनिधीवर. पिढ्यान्पिढ्या त्यांना पाटीपासून लांब ठेवले होते. मे १९४७ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना विठ्ठलाचे मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, तेही संनिधीसाठीच. विठ्ठल आणि त्याचा भक्त यांच्या मध्ये योग्यतेचा प्रश्न कधी नव्हता. मध्ये दार होते आणि ते दार माणसांनी लावलेले होते.

समवाय मानणारे आणि न मानणारे, संकेत ईश्वराचा म्हणणारे आणि माणसाचा म्हणणारे, या सगळ्यांच्या ग्रंथांत इतकी सूक्ष्म हत्यारे होती. ती शब्दांवर, धाग्यांवर, घटावर चालवली गेली. माणसाच्या योग्यतेवर फारच थोड्यांनी चालवली. हे दुःख आहे आणि ते तसेच म्हणायला हवे.

स्क्रूचा संकेतही बदलतोच आहे. अलीकडच्या कित्येक बोर्डांवर एसएसडी धरायला प्लास्टिकची छोटी फिरकी असते. बोटाने वळवली की पट्टी बसते, स्क्रू लागतच नाही. मापे ठरवणाऱ्यांनी शंभर-दीडशे वर्षे खपून जे जुळवून आणले, त्यातले एक भोक असे हळूच नाहीसे होते आहे.

आजोबांच्या संगणकात मात्र अशी फिरकी नाही. त्या मुलीने काकांनी दिलेले दोन स्क्रू, एक लावायला आणि एक हरवला तर म्हणून, कागदाच्या पुडीत घालून आणले आहेत. चाळीच्या गॅलरीत उजेड चांगला येतो म्हणून तिने टेबल तिथेच ओढले आहे. पट्टी तिरकी सरकवून ती बोटाने खाली दाबते, दुसऱ्या हाताने स्क्रू खुंटीच्या तोंडाशी टेकवते. आधी उलटा फिरवते, आट्याला आटा लागल्याची बारीक टिक बोटाला जाणवेपर्यंत. ही युक्ती तिला काकांनीच सांगितली होती. मग सुलटा. चार-पाच फेऱ्यांत डोके धातूच्या काठाला टेकते. ती थांबते, जास्त आवळत नाही.

जुनी हार्ड डिस्कही तिला टाकायची नाही, तिच्यात आजोबांचे बरेच काही आहे. डिस्क उचलून ती संगणकाच्या खालच्या खणात सरकवते आणि वाटीत काढून ठेवलेले चार सहा-बत्तीस स्क्रू एकेक करून तिच्या कडेच्या भोकांना लावते.